घाम म्हणजे ऊन

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘परदेशातील स्वयंसेवेचे अनुभव’ असा छापलाय. तो वाचून तुमच्यापैकी एकजण मला म्हणाली, "म्हणजे तिथल्या बायकांच्या समस्या, आपल्या बायकांच्या समस्या, आणि शेवटी तुलनात्मक तक्ता!" समस्या येतीलच, त्यांच्याशिवाय आपल्याला बोलताच येत नाही. पण आज मी मुद्दाम वेगळं बोलणार आहे. 2022 आणि 2023 मध्ये मिळून दीड वर्ष मी नेपाळमध्ये राहिले. तिथे रोजच्या जगण्यात मला जे लहानसहान आनंद मिळाले, त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

हा विषय हलका वाटेल. त्याआधी एक हिशेब सांगते. एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर मी सोलापूर जिल्ह्यात नऊ वर्षं कौटुंबिक हिंसेच्या केसेसवर काम केलं. पोलीस ठाणं, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट आणि बाईचं माहेर या चार ठिकाणांच्या मध्ये माझा दिवस जायचा. त्या नऊ वर्षांत आमच्या गटातल्या चार चांगल्या कार्यकर्त्या काम सोडून गेल्या. विचारांशी कोणाचं भांडण नव्हतं, पैशाची अडचणही सगळ्यांना नव्हती. एक म्हणाली, "मला रात्री झोपेत बायका दिसतात." दुसरी म्हणाली, "घरी कोणी मोठ्यानं हसलं तरी मला राग येतो." आपल्या अहवालांत हे कुठे येतं? मीही त्याच वाटेवर होते. काम सोडायचं नव्हतं, पण दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या बायकांबरोबर काही दिवस करून पाहायचं होतं. म्हणून मी गेले.

परदेश म्हटलं की विमान आठवतं. मी पुण्याहून रेल्वेने गोरखपूरला गेले, तिथून बसने सुनौलीला, आणि पाठीवर पिशवी घेऊन कमानीखालून पायी नेपाळमध्ये शिरले. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पाऊल टाकताच तीन गोष्टी बदलल्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं. माझ्याकडच्या शंभर रुपयांचे एकशेसाठ झाले. हा दर 1993 पासून तोच आहे. आणि इकडे 2022 साल होतं ते तिकडे विक्रम संवत 2079 झालं! एका पावलात मी सत्तावन्न वर्षांनी पुढे गेले, आणि तरीही तिकडच्या म्हाताऱ्या मला ‘नानी’ म्हणायला लागल्या. नानी म्हणजे त्यांच्याकडे लहान मूल, पोर. चौतिसाव्या वर्षी कोणी पोर म्हणतंय, याचं सुख आपल्याकडे ताई आणि मॅडम होऊन बसलेल्या बायकांना कळेल.

माझं काम सिंधुपाल्चोक जिल्ह्यात होतं. काठमांडूहून धुलिखेल, दोलालघाट असं करत चौताऱ्याला जायचं, आणि तिथून पुढे बहुतेक पायी. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली, साडेतीन हजारांच्या आसपास. मी होते तेव्हा नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असे, रविवारी शाळा-कचेऱ्या चालू. सुरुवातीला ते सारखं चुकल्यासारखं वाटायचं. मग एका बाईने सांगितलं, भूकंप झाला तो शनिवार होता, भर दुपार होती, शाळा रिकाम्या होत्या, म्हणून आमची पोरं वाचली. त्यानंतर मी शनिवारच्या सुट्टीची कधी चेष्टा केली नाही.

आता आनंदांकडे येते.

पहिला आनंद भाषेचा. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला सगळ्या पाट्या वाचता येत होत्या, आणि अर्थ मात्र फसवत होते. पहिल्याच थंडीत शेजारीण अंगणातून ओरडली, "घाम ताप्न आउनुस्!" मला वाटलं, घाम येईपर्यंत काही काम करायला बोलावतेय. बाहेर जाऊन पाहते तर पाच-सहा बायका भिंतीला पाठ लावून उन्हात बसलेल्या. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. मूळ शब्द एकच, संस्कृतातला घर्म. त्याचं त्यांनी ऊन केलं, आपण अंगावरून निथळणारं पाणी केलं.

त्या उन्हात काय चालायचं? कोणी कोणाच्या डोक्यातल्या उवा बघतंय, कोणी मोहरीचं तेल नातवाच्या अंगाला लावतंय, कोणी गुंद्रुक वाळत घालतंय. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, मुळ्याचा नाहीतर मोहरीचा. हिवाळ्यात भाजी नसते तेव्हा त्याचं आंबट पाणीदार कालवण करतात. कामं चालूच असायची, पण त्यांच्यामध्ये जागा होती. सोलापूरच्या उन्हात सावली शोधण्यात जन्म गेलेल्या मला, नुसतं उन्हात बसणं हेही काही करणं असतं, हे तिथे कळलं. पहिले काही दिवस माझ्या मांडीवर वही असायची. नंतर वही घरी राहू लागली.

असंच कोदोचं. आपल्याकडे कोद्रा म्हणजे वेगळं धान्य. तिथे कोदो म्हणजे चक्क नाचणी! त्या पिठाचा ढिंडो करतात: उकळत्या पाण्यात पीठ वैरून घट्ट घोटायचं, ताटात गोळा घ्यायचा, कालवणात बुडवायचा आणि गिळायचा. पहिल्यांदा खाताना माझी आजी आठवली. आणि माया! त्यांच्याकडे माया म्हणजे प्रेम, कोणत्याही वयाचं, प्रेमिकांचंसुद्धा. माहेराला माइती म्हणतात.

मी ज्यांच्याकडे राहत होते त्या साठीच्या, तामाङ समाजातल्या. त्यांना मी आमा म्हणत असे. आमा म्हणजे आई. आमांची स्वतःची भाषा तामाङ, नेपाळी त्या मोठेपणी बाजारात शिकलेल्या. म्हणजे नेपाळी त्यांचीही दुसरी आणि माझीही. व्याकरण दोघींचं कच्चं. कोणी कोणाला सुधारायचं नाही, असा आमचा न बोललेला करार होता. मदत करणारी हुशार आणि मदत घेणारी अडाणी, अशी जी मांडणी आपल्याही कामात नकळत होते, ती तिथे भाषेनेच मोडून टाकली. साधं मीठ मागायलासुद्धा मला हातवारे करावे लागायचे. बाया हसायच्या, मीही हसायचे.

दुसरा आनंद पाण्याचा. गावात एक धारा होती, म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीने आणून सोडलेलं. बायका तिथेच आंघोळ करत. परकर छातीवर बांधायचा, उघड्यावर, उन्हात, गार पाण्याखाली बसायचं. मला आठ दिवस धीर होईना. आपण लहानपणापासून मोरीच्या अंधारात, दाराला कडी लावून, घाईघाईने आंघोळ करणाऱ्या. नवव्या दिवशी एका आजींनी हात धरून नेलं आणि पाठ चोळून दिली. अंगावर ऊन, समोर हिमालय, आणि आजूबाजूला तरण्या, म्हाताऱ्या, बाळंतपणाने सैल झालेल्या, ओझ्याने वाकलेल्या पाठी. आपलं शरीर आपलं आहे, ही घोषणा मी शेकडो वेळा दिली असेल. त्या दिवशी ती अंगाला लागली.

तिसरा आनंद चालण्याचा आणि टेकण्याचा. तिथे बायका डोको वाहतात, बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घेतात. गवत, सरपण, खत, सगळं त्यातून. चढावर ठरावीक अंतराने चौतारी असते: वड आणि पिंपळ शेजारी लावलेले, भोवती दगडी पार. पाराची उंची अशी, की उभ्याउभ्याच पाठीवरचं ओझं मागे टेकवता येतं. खाली ठेवायचं नाही, उचलायला कोणाला हाक मारायची नाही. ज्याने कोणी ही उंची ठरवली त्याने ओझं वाहणाऱ्या माणसाचा विचार केला होता. त्या वाटेवर मी दिवसदिवस एकटी चालले. जो भेटेल तो विचारायचा, जेवलात का? आणि निरोप देताना, बिस्तारै जानुस्, सावकाश जा. लग्न झालं का, हेही विचारायचे, खोटं कशाला बोलू! पण ‘नाही’ म्हटल्यावर ‘का नाही’ विचारायला त्यांना माझे वडील, मामा, जात, गाव काही ठाऊक नव्हतं. आपल्या गावात बाई सतत कोणाची तरी कोणी असते. परक्या ठिकाणी ती नुसती वाटसरू असू शकते. ही मोकळीक मिळायला मला देशाची सीमा ओलांडावी लागली, याचं वाईटही वाटतं.

चौथा आनंद काठमांडूचा. तिथे सफा टेम्पो नावाची, बॅटरीवर चालणारी तीनचाकी वाहनं आहेत. 1990 च्या दशकात धुरावर उपाय म्हणून आली. त्यांच्या चालकांमध्ये बायका मोठ्या संख्येने आहेत. मागे समोरासमोर दहाएक माणसं बसतात, छतावर टकटक केलं की टेम्पो थांबतो, आणि पैसे घ्यायला चालकाच्या खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर येतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही. माझं काम नसतानाही मी एक-दोनदा शेवटच्या थांब्यापर्यंत बसून गेले. नवल बघायचं नव्हतं, नवल न वाटणं बघायचं होतं.

गावातही असंच. भूकंपानंतर घरं बांधायला सरकारने हप्त्याहप्त्याने तीन लाख नेपाळी रुपये दिले. गवंडी कमी पडले, तरुण पुरुष आखातात गेलेले. तेव्हा बायकांना गवंडीकाम शिकवलं. नेपाळीत गवंड्याला डकर्मी म्हणतात. एक डकर्मी बाई मला आपली घरं दाखवायला घेऊन गेली. भूकंपात भिंत फाटू नये म्हणून भिंतीत आडवे पट्टे घालतात, ते हाताने चाचपून म्हणाली, हा मी घातलाय, हाही मी घातलाय. तिच्या सासूने चहा दिला, आणि त्या दिवशी चहा सुनेच्या आधी सासूने केला हे मी नोंदवून ठेवलं.

पाचवा आनंद चिखलाचा. आषाढाच्या 15 तारखेला, म्हणजे आपल्या जूनअखेरीस, भातलावणीचा सण असतो. बायका ओळीने रोपं लावतात, गातात, एकमेकींना चिखलात लोळवतात, आणि दुपारी काय खातात? दही-चिउरा. म्हणजे आपले दहीपोहे! मीही कमरेत वाकून लावणी केली, तीन दिवस पाठ धरली होती. लावणी पर्म पद्धतीने होते, आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आपल्याकडे सावड म्हणतात, इर्जिक म्हणतात. पण नांगर मात्र पुरुषांचा. बाईने नांगर धरू नये हा तिथलाही जुना दंडक. आमच्या गावात निम्मी घरं बायांवरच चालत होती, तरी नांगरायला मजुरी देऊन पुरुष आणावा लागायचा. "घर बांधता येतं, मग नांगर का नाही?" असं डकर्मी बाईने उन्हात बसल्या बसल्या विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. पण प्रश्न त्यांचा होता, मी विचारलेला नव्हता, आणि याचा आनंद मला चिखलाच्या आनंदाहून मोठा वाटला.

मग तीज आली. आपली हरितालिका तीच तिथली तीज. आदल्या रात्री दर खातात, पोटभर गोडधोड, दुसऱ्या दिवशी कडक उपास. आमच्या आमा बौद्ध, त्या उपास करत नसत, पण शेजारच्या बाहुन-छेत्री बायका लाल साड्या नेसून नाचत, त्यात साऱ्या मिसळत. तीजेच्या गाण्यांत सासरचा जाच, दुसरी बायको आणणारा नवरा, माहेराला न धाडणारी सासू, सगळं उघड येतं. 1990 च्या जनआंदोलनानंतर या गाण्यांत राजकारणही आलं. आपल्या जात्यावरच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी आठवा. नवऱ्याच्या आयुष्यासाठी केलेल्या उपासाच्या दिवशीच नवऱ्याची तक्रार गायची, ही बायकांची हुशारी दोन्हीकडे सारखी. दोन दिवसांनी ऋषिपंचमी. पाळीच्या दिवसांत घडलेल्या ‘पापां’चं प्रायश्चित्त, तेही दोन्हीकडे तेच. पश्चिम नेपाळात तर पाळीच्या बाईला घराबाहेर गोठ्यात ठेवायची छाउपडी प्रथा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. 2017 च्या कायद्याने असं करायला लावणाऱ्याला तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड ठरला. तरी नंतरही त्या झोपड्यांत बाया मेल्या. "आमच्यात असलं नाही" असं तिथल्या पूर्वेकडच्या बायका सांगत, तेव्हा मी ऋषिपंचमीची गोष्ट काढत असे, आणि माझ्या आईचीही.

इथपर्यंत ऐकून वाटेल, बाई मजा करून आली. आता त्या मजेची किंमत कोण देत होतं ते सांगते.

पहिल्या आठवड्यात धाऱ्यावर मला विचारलं, कुठून आलीस? मी म्हटलं, महाराष्ट्र. कळेना. मी म्हटलं, मुंबईच्या बाजूचा. तेव्हा एकदम शांतता झाली. एका म्हातारीने हळूच ‘बम्बई’ असा शब्द उच्चारला, आणि घागर उचलून निघून गेली. सिंधुपाल्चोक आणि आसपासच्या डोंगरी जिल्ह्यांतून वर्षानुवर्षं मुली फसवून, विकून मुंबईच्या कुंटणखान्यांत आणल्या गेल्या. तिथे बम्बई हे शहराचं नाव राहिलेलं नाही, मुलीचं काय झालं त्याचं उत्तर आहे. 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठ्या धाडी पडल्या. सुटलेल्या मुलींमध्ये दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. आपल्याकडे त्यांना सुधारगृहांत कोंडलं गेलं, आणि त्यांच्या सरकारने परत घ्यायला टाळाटाळ केली. काही महिन्यांनी नेपाळच्या संस्थांनी शंभराहून जास्त मुलींना परत नेलं. त्यांतल्याच काहीजणींनी पुढे शक्ती समूह ही संघटना काढली, विकल्या गेलेल्या बायांनी स्वतः चालवलेली. 2013 मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातून तिथे जाणारी कार्यकर्ती कोरी पाटी घेऊन जात नाही, हे मला त्या घागरीने शिकवलं.

ती म्हातारी पुढे बोलू लागली ती भूकंपामुळे. मी एकदा किल्लारीबद्दल सांगितलं. 1993 मध्ये माझ्या जिल्ह्याच्या शेजारी पहाटे जमीन हलली, तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. दगड-मातीच्या जाड भिंती तिथेही माणसांवर पडल्या. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्याकडे पण?" एवढंच. दुसऱ्या दिवशी माझी घागर तिने भरून ठेवली होती. ती भरलेली घागर माझ्या दीड वर्षातला सगळ्यात मोठा आनंद होता.

आता आमांच्या घराचं सांगते. मला तिथे गरम भात मिळायचा, अंथरूण मिळायचं. आमांची सून कुवेतला दुसऱ्यांच्या घरी कामाला. पाच वर्षांची नात आजीजवळ. 2012 मध्ये नेपाळ सरकारने तीस वर्षांखालच्या बायकांना आखातात घरकामाला जायला बंदी केली, 2017 मध्ये आखातातल्या घरकामावर सरसकट बंदी आणली. संरक्षणासाठी म्हणून. बाया थांबल्या का? नाही. त्या दिल्ली-मुंबईमार्गे, दलालाच्या हाताने, बिनकागदाच्या जाऊ लागल्या. मी परदेशी जाऊन स्वयंसेविका म्हणून कौतुक करून घेते. तीही परदेशी जाते, माझ्याहून जास्त सेवा करते, आणि तिला चोरासारखं जावं लागतं. मी सुनौलीच्या कमानीखालून पिशवी घेऊन शिरले, तिला त्याच कमानीखाली अडवून विचारतात, कोणाबरोबर चाललीस? रात्री नात फोनवर आईला गाणं म्हणून दाखवायची, तेव्हा मी अंगणात जाऊन बसत असे.

आणि ‘स्वयंसेविका’ हा शब्द! नेपाळमध्ये 1988 पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत. देशभरात पन्नास हजारांच्या आसपास. गरोदर बाई, लहान मूल, जीवनसत्त्व अ, अतिसार, लसीकरण, सगळं त्यांच्या पायांवर चालतं. माता आणि बालमृत्यू कमी होण्यात त्यांचा मोठा वाटा मानतात. पगार नाही. पोशाखाचा भत्ता, प्रशिक्षणाला गेल्यास त्या दिवसाचा भत्ता, असं काही मिळतं. आमच्या गावातल्या स्वयंसेविका पंचवीस वर्षं काम करत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला महिन्याला काय मिळतं?" मी खरा आकडा सांगितला: राहण्या-जेवण्यापुरता भत्ता. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही आमच्यापेक्षा कमी स्वयंसेविका!" दोघी हसलो. आपल्या आशाताईंचं दुखणं वेगळं आहे का? 2005 पासून त्या कामाला आहेत, आणि त्यांच्या मोबदल्याला अजून पगार म्हणत नाहीत. बाईचं काम जिथे स्वस्तात हवं असतं, तिथे त्याला सेवा म्हणतात. आनंदाने करणं वेगळं, आणि आनंद हीच मजुरी समज असं दुसऱ्याने सांगणं वेगळं. हा फरक आपण पक्का धरला पाहिजे.

माझं प्रत्यक्ष काम न्यायिक समित्यांबरोबर होतं. ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला उपयोगी आहे. 2015 च्या संविधानाने प्रत्येक पालिकेत तीनजणांची न्यायिक समिती ठेवली, आणि तिचं प्रमुखपद उपप्रमुखाला किंवा उपाध्यक्षाला दिलं. 2017 च्या निवडणुकीत नियम असा, की पक्षाने प्रमुख आणि उपप्रमुख दोन्हींसाठी उमेदवार दिले तर त्यातली एक बाई हवी. पक्षांनी काय केलं असेल? बहुतेक ठिकाणी प्रमुखपद पुरुषाला, उपप्रमुखपद बाईला. त्यामुळे देशभरात शेकडो बायका एकदम न्यायाच्या खुर्चीत बसल्या. प्रत्येक वॉर्डात दोन बायकांच्या जागा, त्यांतली एक दलित बाईची, हेही तेव्हाच आलं. 2022 मध्ये पक्षांनी युती करून एकेक जागा वाटून घेतली. मग दोन्ही जागांवर उमेदवार देण्याचा प्रश्नच राहिला नाही, आणि उपप्रमुख बायकांची संख्या घटली. पळवाट शोधण्यात सगळे पक्ष सख्खे भाऊ! आपल्या पंचायतीत आरक्षण 1993 पासून आहे, महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा आहेत, आणि सरपंचांच्या नवऱ्यांनाही आपण ओळखतो. या समित्यांत मारहाणीच्या केसेस येतात आणि बऱ्याचदा मेलमिलाप होतो, म्हणजे समजूत घालून बाईला परत धाडणं. त्यावर आम्ही खूप भांडलो. मेलमिलापाच्या कागदावर ‘बाईला काय हवं आहे’ असा एक रकाना आमच्याकडच्या उपाध्यक्षांनी स्वतः घातला. मोठा विजय नाही. पण पहिल्यांदा तो रकाना भरताना एक बाई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हे मला आजवर कोणी विचारलं नाही."

मैत्रिणींनो, परत येऊन मी पुन्हा केसेस घेते आहे. त्या तितक्याच अवघड आहेत. फरक एवढाच, की माझा राग आता बायकांवर निघत नाही, आणि झोप लागते. ही माझी खासगी चैन आहे असं मी मानत नाही. थकलेली कार्यकर्ती समोरच्या बाईचं ऐकत नाही, फॉर्म भरते. आपल्या चळवळीने त्यागाचं फार कौतुक केलं, आणि त्यागात बाईला आधीपासूनच घरातून तालीम असते, त्यामुळे आपल्याला ते कौतुक गोड लागलं. मजुरीचा हक्क, मालमत्तेचा हक्क आपण मागतो. विसाव्याचा आणि आनंदाचा हक्कही त्याच यादीत बसतो.

कोणी म्हणेल, तू एकटी, तुला जमलं, आम्हाला पोरं आहेत. बरोबर आहे. माझ्या आईची काळजी मागे बहिणीने घेतली, म्हणून मला जाता आलं. म्हणून हे एकेकीच्या हिमतीवर सोडून चालणार नाही, गटाने करायला हवं. मी तीन सूचना मांडते, दुपारच्या गटचर्चेत त्यांचं काय करायचं ते ठरवा.

एक: पाच वर्षं सलग काम केलेल्या कार्यकर्तीला निदान दोन महिने दुसऱ्या संघटनेत जाऊन राहू द्यायचं. परदेशच हवा असं नाही. कोकणातलीने गडचिरोलीला जावं, मराठवाड्यातलीने नंदुरबारला. तिच्या केसेस आणि तिचं घर, दोन्ही कोण बघणार याची यादी गटाने आधी करायची. घराची यादी करताना नवऱ्याचं नाव पहिलं घालायचं.

दोन: नेपाळच्या बायकांना आपल्याकडे बोलवायचं. न्यायिक समितीवरच्या बायका, स्वास्थ्य स्वयंसेविका, डकर्मी. सीमा उघडी आहे, रेल्वेचं भाडं आपण वर्गणीतून जमवू शकतो. आपण जाऊन त्यांचा अभ्यास करायचा, एवढंच नातं नको. त्यांनी इथे यावं, आपल्याला प्रश्न विचारावेत, आणि मुंबई म्हटल्यावर त्यांच्या गावात दुसरंही काही आठवावं.

तीन: मासिक बैठकीचा पहिला अर्धा तास केस घ्यायची नाही, हिशेब घ्यायचा नाही. काय करायचं ते ज्या त्या गटाने ठरवावं. उवा बघितल्या तरी चालतील. थंडीत बैठक अंगणात घेतली तर त्याला नेपाळीत छान शब्द आहे, तो तुम्हाला आता ठाऊक आहे.

मी बोलले ते सगळं पटलंच पाहिजे असं नाही. ‘आधी प्रश्न सुटू देत, मग आनंद’ असं म्हणणाऱ्या इथे आहेत हे मला माहीत आहे, आणि त्यांचं म्हणणं मला खरोखर ऐकायचं आहे. मी थांबते. आता तुम्ही बोला.